शंभरात नऊ

तुमच्या कोटाच्या खिशात घडी घातलेला एक कागद आहे. तो जपा, पुढे लागणार आहे. कोपऱ्यावरच्या लॅबमधून सकाळीच आणलेला सीबीसीचा रिपोर्ट. महिना झाला तरी खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी करायला सांगितला आणि कागदावरून नजर फिरवत म्हणाले, ‘‘इओसिनोफिल वाढलेत जरा. नऊ टक्के.’’ तुम्ही कळल्यासारखी मान हलवलीत. घरी आईने विचारलं, ‘‘काय निघालं रिपोर्टात?’’ तेव्हा ‘‘ॲलर्जी असेल’’ असं ठोकून दिलंत. हे नऊ कोण, कुणातले नऊ, आणि त्यांना हे तोंडात न बसणारं नाव कुणी ठेवलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून आता तुम्ही बर्लिनमध्ये उभे आहात. साल १८७९, महिना जानेवारी. शारिटे रुग्णालयाच्या आवारात बर्फाचा चिखल झालाय आणि तुमचे बूट असल्या चिखलासाठी केलेले नाहीत. प्लेगच्या धास्तीने १७१० साली गावाबाहेर बांधलेलं हे रुग्णालय आता गावाच्या पोटात आलंय. जिना चढून वर या. प्रोफेसर फ्रेरिक्स यांच्या विभागातल्या एका खोलीचं दार अर्धवट उघडं आहे. आतून सिगारचा धूर आणि तापलेल्या धातूचा वास येतोय.

आत बसलेला डॉक्टर अजून पंचवीसचाही नाही. पाउल एर्लिख त्याचं नाव. त्याच्या चेहऱ्याआधी बोटं बघा: एक निळं, एक पिवळं, नखांच्या कडा किरमिजी. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात येणाऱ्या माणसासारखी. टेबलावर बाटल्यांची गर्दी. त्यातले रंग दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेले, कापडाच्या धंद्यासाठी बनलेले. तेवीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनीन बनवायला बसला आणि हाती आला जांभळा रंग. करायला गेला गणपती, झाला मारुती. त्या मारुतीने जर्मनीत कारखानेच्या कारखाने उभे केले. लोक त्या रंगांत रेशीम बुडवतात, हा गृहस्थ रक्त बुडवतो. विद्यार्थिदशेत ब्रेस्लाऊच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना ‘रंगवतो छान, पण परीक्षा काही पास व्हायचा नाही’ असं कुणी म्हटल्याची गोष्ट सांगतात. झाला पास. गेल्याच वर्षी लाइपझिगला डॉक्टरेट मिळाली, तीही रंगवण्यावरच्या प्रबंधाला.

तो भरभर बोलतोय. जर्मन तुम्हाला येत नाही, पण हाताच्या खुणेवरून कळतं की बोट मागतोय. द्या.

सुई टोचते. रक्ताचा थेंब तो एका पातळ काचेवर घेतो, वर दुसरी तशीच काच ठेवतो, थेंब दोन्हींमध्ये आपोआप पसरतो आणि मग तो दोन्ही काचा अलगद, आडव्या सरकवत वेगळ्या करतो. उचलत नाही, सरकवतो. दोन्हींवर रक्ताचा इतका विरळ थर राहतो की काच धुरकट झाल्यासारखी वाटावी. तो हवेत वाळतो. आता बघा गंमत. टेबलावर तांब्याची एक लांब पट्टी आहे, तिच्या एका टोकाखाली गॅसची ज्योत. ज्योतीपाशी पट्टी रसरशीत तापलेली, दुसऱ्या टोकाला हात लावता येईल इतकी कोमट. मधे कुठे किती तापमान आहे ते कळावं म्हणून तो पट्टीवर टोल्युईनचे थेंब टाकत जातो. जिथे थेंब उकळतो तिथे ११० अंश. तिथून जरासं ज्योतीकडे सरकून तो काच ठेवतो. थर्मामीटर नाही, ओव्हन नाही. कढईतलं तेल तापलं की नाही हे कणकेची गोळी टाकून बघणाऱ्या माणसाची युक्ती.

काच तिथे पडून राहते. तोवर खोलीकडे बघून घ्या. याच आवारात रुडॉल्फ फिर्खो आहेत, ज्यांनी १८४५ मध्ये पांढऱ्या पेशींनी माजलेलं रक्त बघितलं आणि पुढे त्या आजाराला ल्युकेमिया नाव दिलं. मॅक्स शुल्ट्से या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढऱ्या पेशींमध्ये बारीक दाण्यांच्या आणि जाड दाण्यांच्या अशा दोन तऱ्हा ओळखल्याही होत्या. पण ओल्या, बिनरंगाच्या रक्तात पांढरी पेशी शोधणं म्हणजे पाण्यात पडलेला काचेचा मणी शोधणं. त्यातही सहा-सातशे तांबड्या पेशींमागे एक पांढरी, अशी रक्तातली शिरगणती.

काच निघाली. पेशी आता काचेला घट्ट चिकटल्यात, भाजून निघाल्यात. पाण्याने धुतल्या तरी फुटणार नाहीत. तो एक लालभडक बाटली उघडतो. इओसिन. अवघ्या काही वर्षांपूर्वी बाजारात आलेला रंग. नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवीवरून, इओस. ही देवी आपल्याला परकी नाही. भाषेचं मूळ शोधत गेलं तर ती आणि वेदांतली उषा एकच निघतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्या त्या अवघड शब्दाची फोड केली तर हाती येतो ‘उषेचा लोभी’. हे कळल्यावर ॲलर्जी जरा सुसह्य होते की नाही ते तुम्ही ठरवा.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. आधी नुसता गुलाबी गोंधळ. मग तांबड्या पेशींची फिकट गुलाबी नाणी सुटी सुटी दिसू लागतात. काच सरकवा. आणखी जरा. आणि ती बघा: एकच पेशी, इतरांहून मोठी, आत सारख्या आकाराचे टपोरे दाणे खच्चून भरलेले, आणि प्रत्येक दाणा केशरट लाल. डाळिंब फोडल्यावर दिसतं तसं. शेजारची दुसरी पांढरी पेशी मात्र त्याच बाटलीत न्हाऊन निघूनही कोरडीच, तिच्या दाण्यांनी इओसिन घेतलेलं नाही.

एर्लिखला आनंद या ‘कोरडेपणा’चाच आहे. एकाच रंगात बुडवलेल्या दोन पेशी वेगळ्या वागल्या, तर त्यांच्या आतला माल वेगळा असला पाहिजे. इओसिन आम्लधर्मी रंग आहे, तो अल्कधर्मी पदार्थाला धरतो. मग अल्कधर्मी रंग वापरला तर? त्याला भुलणाऱ्या वेगळ्याच पेशी निघतात, शंभरात जेमतेम एखादी. त्या बेसोफिल. आणि दोन्ही जातींचे रंग एकत्र करून तयार केलेलं उदासीन मिश्रण ओतलं तर? ते त्याने पुढच्या वर्षी, १८८० मध्ये जमवलं आणि ज्यांना आजवर कुठलाच रंग धड लागत नव्हता त्या बहुसंख्य पेशी बारीक जांभळट दाण्यांसह उघड्या पडल्या. त्या न्यूट्रोफिल. तुमच्या रिपोर्टात त्यांच्यापुढे ५८ लिहिलंय. एर्लिखने दाण्यांना ग्रीक अक्षरं दिली होती. तुमचे नऊ त्याच्या वहीत ‘अल्फा’ आहेत.

जाता जाता एक सांगायला हवं. एर्लिख सगळीकडे बरोबर नव्हता. एका मोठ्या, वाकड्या केंद्रकाच्या पेशी त्याला दिसल्या, त्या त्याने ‘मधल्या अवस्थेतल्या’ म्हणून टाकल्या. या पुढे बदलून न्यूट्रोफिल होतात असा त्याचा समज. त्या होत्या मोनोसाइट, स्वतंत्र जात. रंगाने त्याला वेगळेपण दाखवलं, नातं दाखवलं नाही. नातं त्याने मनाने जोडलं आणि तिथेच तो चुकला.

बर्लिन सोडा. परतीची वाट हिंदुस्थानातून जाते, तिथे थोडंच थांबायचंय. साल १९४३, एक दवाखाना. बाकावर खोकणारी माणसं, रात्री खोकला वाढतो, दम लागतो, एक्स-रे बघून क्षय वाटावा. पण रक्तात इओसिनोफिल एवढे की मायक्रोलिटरला तीन हजारांच्याही वर. त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये वाइनगार्टन या डॉक्टरने या दुखण्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं आणि आर्सेनिकचं इंजेक्शन त्यावर लागू पडतं असं लिहिलं. ते इंजेक्शन म्हणजे उपदंशावरच्या साल्व्हर्सानचं सुधारलेलं भावंड. आणि साल्व्हर्सान कुणाचं? त्याच रंगीत बोटांच्या माणसाचं, १९१० सालचं. पेशी त्याने रंगवली, औषध त्याने शोधलं आणि दोघांची गाठ पडली ती त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, त्याने न पाहिलेल्या मुलखात. त्या दुखण्यामागे हत्तीरोगाचे कृमी आहेत हे नंतर कळलं आणि आर्सेनिकची जागा हत्तीरोगाच्या साध्या गोळीने घेतली.

खिशातला कागद काढा. इओसिनोफिल झाले, न्यूट्रोफिल झाले. ‘लिम्फोसाइट ३०’ या ओळीवर बोट ठेवा. इथे रंगाची विद्या थांबली होती. लिम्फोसाइटला दाणे नाहीत म्हणावेत इतके थोडे. निळं गोल केंद्रक आणि भोवती आकाशी रंगाची बारीक किनार, बस्स. सगळ्या सारख्या. एका शाळेच्या गणवेशातली पोरं. कितीतरी वर्षं या पेशी नुसत्या बसून असतात असंच लोक समजत होते. १९६० च्या आगेमागे उलगडा होत गेला: काही पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन निघतात, काही तिथे जातच नाहीत, एका गटाची कामं वेगळी, दुसऱ्याची वेगळी. टी आणि बी. पण काचेवर दोघी जुळ्या बहिणी. आता वेगळ्या करायच्या कशा?

त्यासाठी तुम्हाला रक्ताशी संबंध नसलेल्या ठिकाणी जावं लागेल. लॉस अलामोस, न्यू मेक्सिको, १९६५. सव्वादोन हजार मीटर उंचीचं पठार, पाइनची झाडं, कुंपणं, पहारे. वीस वर्षांपूर्वी इथे अणुबॉम्ब झाला. किरणोत्साराचा शरीरावर परिणाम अभ्यासणारे लोक इथेच आहेत आणि त्यांच्यात मॅक फुलवायलर नावाचा एक अभियंता.

त्याच्यापुढे कोडं होतं ते तांबड्या पेशींचं. कूल्टर काउंटर नावाच्या यंत्रात पेशी एका बारीक भोकातून एकेक करून जाते. जाताना विजेच्या वाटेत आडवी येते, जेवढी मोठी तेवढा मोठा झटका कागदावर उमटतो. तांबड्या पेशी मोजल्या की आलेखावर दोन उंचवटे येत. म्हणजे तांबड्या पेशी दोन आकारांच्या, असं लोकांनी धरलं, आणि त्या दोन तऱ्हा का असाव्यात यावर विचारही सुरू झाला. फुलवायलरच्या मनात साधी गोष्ट आली. दोन आहेत ना? मग काढून दाखवा वेगळ्या.

स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट या माणसाने शाईच्या बारीक धारेचे थेंब करून, थेंबांवर विद्युतभार देऊन, त्यांना हवं तिकडे वळवून कागदावर रेघा उमटवायचं तंत्र काढलं होतं. आजच्या इंकजेट प्रिंटरच्या घराण्यातलं. फुलवायलरने शाईच्या जागी पेशींचं पाणी घातलं. त्याच्या खांद्यावरून बघा. बारीक तोंडातून पाण्याची धार खाली येते. तोंड अतिवेगाने थरथरतं, त्यामुळे धार खाली येता येता तुटते आणि सारख्या मापाचे थेंब होतात, सेकंदाला हजारो. वर भोकातून जाताना पेशी मोजली गेली की यंत्र क्षणभर थांबतं, ती पेशी ज्या थेंबात शिरणार तो थेंब तुटायच्या वेळेला नेमका भार देतं. खाली दोन पट्ट्यांमध्ये हजारो व्होल्टचा ताण. भाराचा थेंब त्यात वाकतो आणि बाजूच्या नळीत पडतो.

मोठ्या पेशी एका नळीत, लहान दुसऱ्या नळीत. झाल्या वेगळ्या. इथे दुसरा कुणी असता तर शोधनिबंध लिहून मोकळा झाला असता. फुलवायलरने ‘मोठ्या’ पेशींची नळी उचलली आणि पुन्हा मोजायला लावली.

दोन उंचवटे.

‘लहान’ नळी लावली. पुन्हा तेच दोन उंचवटे. म्हणजे दोन प्रकारच्या पेशी नव्हत्याच. तबकडीसारखी पेशी भोकातून कशी जाते त्यावर झटका लहान-मोठा पडत होता. दोन जाती रक्तात नव्हत्या, मोजणीत होत्या. या सगळ्या प्रवासात मला स्वतःला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. वेगळ्या करायच्या म्हणून बांधलेल्या यंत्राने पहिलं काम केलं ते वेगळेपण खोटं पाडण्याचं. पेशींचे नवे नवे ‘उपप्रकार’ जाहीर होतात तेव्हा मी मनाशी विचारतो: ती नळी पुन्हा मोजली का कुणी? दोनच वर्षांत याच मंडळींनी याच यंत्राने पांढऱ्या पेशी आकारमानावरून वेगळ्या काढून दाखवल्या. तिथले फरक मात्र खरे होते.

यंत्राची सगळ्यांना ऐपत नव्हती. म्हणून १९६८ मध्ये नॉर्वेत, ओस्लोजवळच्या शेल्लर गावी चला आणि हे काम स्वतःच्या हाताने करा. आर्ने बयूम यांची कृती आहे. नळीच्या तळाशी घट्टसर, पारदर्शक द्राव: फिकॉल नावाचं साखरेपासून केलेलं बहुवारिक आणि क्ष-किरण चित्रांसाठी वापरायचं एक औषध. घनता १.०७७. नळी तिरकी धरा, पिपेटचं टोक काचेला टेकवा आणि पातळ केलेलं रक्त इतकं हळू सोडा की ते त्या द्रावावर तरंगत राहील, मिसळणार नाही. हात थरथरला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. आता सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा-पाऊण तास. थांबवताना ब्रेक लावू नका, आपलं आपण थांबू द्या. नळी उजेडात धरा. तळाला तांबड्या पेशी, आणि त्यांच्याबरोबर बुडालेल्या तुमच्या न्यूट्रोफिल, इओसिनोफिल सगळ्या, कारण त्या जड. वर पिवळसर रक्तद्रव. आणि मधोमध, द्रावाच्या तोंडाशी, दुधावरच्या पातळ सायीसारखं एक धुरकट कडं. ते लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. पिपेटने हळूच ओढून घ्या. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही पोरं हेच करताना दिसतील, मान वाकडी करून, श्वास रोखून.

वजनाने एवढंच साधतं. सायीत टी आणि बी अजून एकत्रच.

स्टॅनफर्डला लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्याकडे फार वेळ काढायची गरज नाही, यंत्र तुमच्या ओळखीचं आहे. सूक्ष्मदर्शकात चमकणाऱ्या पेशी मोजून डोळे शिणले म्हणून हा माणूस लॉस अलामोसला गेला, म्हणाला की आकाराऐवजी चमकेवरून पेशी निवडणारं यंत्र करा. त्यांना त्यात रस नव्हता, पण त्यांनी नकाशे देऊन टाकले. पहिलं यंत्र १९६९ चं, आणि १९७२ पर्यंत त्यात आर्गॉन लेझर आला. खोलीत अंधार करा. निळसर लेझर धारेला छेदतो तिथे एक ठिपका. तुटणारे थेंब डोळ्यांना दिसणारच नाहीत, पण त्याच तालावर उघडझाप करणारा दिवा लावला की हजारो थेंब जागच्या जागी थिजल्यासारखे दिसतात, मोत्यांची सर टांगल्यासारखे. खाली सर फुटते, एक फाटा डावीकडे, एक उजवीकडे. खाली बर्फात ठेवलेल्या नळ्या. आणि त्यात पडलेल्या पेशी जिवंत. एर्लिखने पेशी भाजून ओळखल्या होत्या. इथे ओळखलेली पेशी वाढवता येते, दुसऱ्या पेशीशेजारी ठेवून ती काय करते ते बघता येतं.

पण चमक आणायची कशी? प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर काही वेगळे रेणू असतात, नेमकी त्यांनाच चिकटणारी प्रतिपिंडं हवीत, आणि त्या प्रतिपिंडांना चमकता रंग जोडायचा. १९७५ मध्ये केंब्रिजला गेऑर्ग कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून टाकली. जोडपेशी मरत नाही आणि एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड अखंड बनवत राहते. पेटंट घेतलं गेलं नाही. कंपन्यांनी चार-पाच वर्षांत प्रतिपिंडांच्या बाटल्या बाजारात आणल्या: ओकेटी-३, ओकेटी-४, ओकेटी-८. एर्लिखच्या टेबलावरच्या बाटल्या आठवतायत? तेच टेबल, फक्त रंग आता पत्ता वाचून चिकटतात.

त्या बाटल्या लॉस एंजेलिसला उपयोगी पडल्या. हिवाळा, १९८०–८१. विद्यापीठाच्या रुग्णालयात मायकेल गॉटलीब नावाचा तरुण डॉक्टर एका विचित्र रोग्यापुढे उभा आहे: तरुण माणूस, आजवर धडधाकट, आणि न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, जो होतो तो प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्यांना. तुमच्या खिशात आहे तसा साधा रिपोर्ट या माणसाचा काढला तर लिम्फोसाइट कमी दिसतील. कुठले कमी ते दिसणार नाही. निळी गोल केंद्रकं सगळ्यांची सारखीच. नवी प्रतिपिंडं लावून बघितली तेव्हा टी पेशींतला एक अख्खा गट, ओकेटी-४ ने उजळणारा, जवळपास गायब होता. बाकीचे जागेवर होते. गणवेशातल्या रांगेतून एकाच वर्गाची मुलं नाहीशी झालेली. आणखी रोगी सापडले. ५ जून १९८१ च्या सरकारी साप्ताहिक अहवालात पाच तरुणांची छोटी नोंद आली. त्यातले दोघे तोवर दगावले होते. एड्सची ती पहिली छापील नोंद.

पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये जमलेल्या शास्त्रज्ञांनी कंपन्यांच्या नावांचा गोंधळ मोडून एक यादी केली. ओकेटी-४ चं नाव झालं सीडी-४. यादी आज साडेतीनशेच्या पुढे गेलीय, पण हा एकच शब्द प्रयोगशाळेबाहेर पडला. इतका की भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली तेव्हा गोळ्या कधी सुरू करायच्या ते या आकड्यावर ठरायचं, आणि जी शाळेत विज्ञान धड शिकली नव्हती अशी माणसंही बाकावर एकमेकांना विचारायची, ‘‘सीडी-फोर किती आला?’’ इओसिनोफिलला उषेचं नाव मिळालं, या पेशीला नुसता यादीतला नंबर. तरी लोकांच्या तोंडी जास्त बसला तो नंबरच.

आता परत या. कोपऱ्यावरची लॅब, सकाळी साडेअकरा. मोठ्या लॅबमधली यंत्रं मिनिटभरात हजारो पेशी लेझरपुढून नेतात आणि त्यांच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पाच ढीग पाडतात. शंका आली की कागदावर खूण करून मोकळी होतात, मग माणसाला स्लाइड बघावी लागते. इथे मात्र डिफरन्शियल काउंट, म्हणजे या पाच ढिगांची मोजणी, हातानेच होतो. काउंटरमागच्या टेक्निशियनताईंना विचारून बघा.

‘‘मॅडम, माझी स्लाइड बघू द्याल जरा?’’

‘‘बघा की. फोकसला तेवढा हात लावू नका.’’

त्या दुसऱ्या कुणाची स्लाइड रंगवतायत. आडव्या सळ्यांवर काच, वर लीशमन स्टेनचे आठ-दहा थेंब, दोन मिनिटं. मग दुप्पट बफरचं पाणी, हलकेच फुंकर घालून मिसळायचं, सात-आठ मिनिटं. मग नळाखाली. काचेवरून ओघळणारं पाणी आधी जांभळं, मग गुलाबी. त्या लीशमनच्या बाटलीत दोन रंग आहेत: एक मिथिलीन ब्ल्यू, दुसरा इओसिन. तोच.

तुमच्या स्लाइडवर तेलाचा थेंब आहे. डोळा लावा. डाळिंब लगेच सापडेल, सवय झालीय आता तुम्हाला. ताई डाव्या हाताने काउंटरच्या कळा दाबत मोजतात. टिक, टिक, टिक, शंभर झाल्या की घंटी. शंभर पेशींत नऊ सापडल्या, एवढाच त्या नऊ टक्क्यांचा अर्थ. शंभरच मोजल्या असतील तर खरा आकडा चार ते सोळा यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, हा गणिताचा नियम आहे, ताईंची चूक नाही. फुलवायलर असता तर म्हणाला असता की पुन्हा मोजा, असं मला आपलं वाटतं.

तेव्हा टक्क्यांवर थांबू नका. रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी ७,८०० आहेत, त्यांचे नऊ टक्के म्हणजे ७०२. मायक्रोलिटरला पाचशेच्या आत असतात ते नेहमीचे. हा आकडा कागदावर लिहून घ्या, त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि या खेपेला मान हलवण्याआधी विचारा: हे कशामुळे?